जुन्नरी कागद ते अपोस्टिल

येडगावात आमच्या घरी पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. कुकडी नदीवरचे धरण १९७७ साली पुरे झाले. नदीकाठचे शेत पाण्याखाली गेले, घर उचलून वर आणावे लागले, तेव्हा आमच्या दादीने भांड्याकुंड्यांच्या आधी ही ट्रंक बैलगाडीत चढवली, असे घरात अजून सांगतात. ट्रंकेत दागिने नव्हते. लाल रुमालात बांधलेले कागद होते. सातबाराचे उतारे, धरणग्रस्ताचा दाखला, दोन-तीन निकाहनामे, अब्बांचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि अगदी तळाशी मोडीत लिहिलेला एक जाड, पिवळसर कागद. तो काय आहे हे आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही. दादीलाही येत नव्हते. पण ‘जमीन गई सो गई, कागदां संभालो’ हे तिचे म्हणणे होते.

या ट्रंकेची पुन्हा आठवण झाली ती २०२३ साली. आमचा भाचा सौदी अरेबियात दम्मामला इलेक्ट्रिशियन आहे. बायको आणि लहान मुलगी यांना काही महिने आपल्याजवळ आणावे असे त्याने ठरवले. व्हिसासाठी लग्नाचे प्रमाणपत्र ‘अटेस्ट’ करून पाठवा, असा त्याचा फोन आला. आम्ही ट्रंक उघडून निकाहनामा काढला. काझीसाहेबांची सही, साक्षीदारांच्या सह्या, शिक्का, सगळे जिथल्या तिथे होते. तो घेऊन एका शहरातल्या एजंटाकडे गेलो. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, ‘चाचा, याला बाहेर काही किंमत नाही. सगळं करून देतो. अठरा हजार होतील.’ नोटरी, मंत्रालय, दिल्ली आणि शेवटी सौदी वकिलात, अशा चार पायऱ्या त्याने बोटांवर मोजून दाखवल्या. आमच्या बहिणीने दुसऱ्या दिवशी गळ्यातली पोत काढून सोनाराकडे पाठवायची तयारी केली.

ती पोत वाचली. कशी, ते पुढे येईलच. पण त्या एजंटाचे एक वाक्य आमच्या मनात रुतून बसले. याला किंमत नाही. ज्या काझीच्या शिक्क्यावाचून एके काळी कसब्यातला मोठा व्यवहार पुरा होत नसे, त्याच्या शिक्क्याची किंमत गेली कधी? आणि ज्या शिक्क्याला किंमत आली, तो गरिबाला इतका महाग का पडतो? आम्ही काही इतिहासाचे रीतसर अभ्यासक नाही. तरी जुन्नर तालुक्यात राहणाऱ्या मुसलमानाला हा प्रश्न पडला तर उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आधी शब्दांकडेच पाहू. ‘कागद’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘सही’ म्हणजे अरबीतले ‘सहीह’, बरोबर असलेले. नक्कल, दाखला, शिक्का, अर्ज, दस्तऐवज, मुखत्यार, वकील हे सारे त्याच वाटेने आलेले शब्द. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले, तरी पेशवाईतल्या पत्रांच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ राहिलेच. साक्षांकित, प्रमाणित, मुद्रांक हे शब्द आपल्या बोलण्यात फार उशिरा आले. घरच्या दखनीत आणि उर्दूत साक्षांकनाला ‘तसदीक’ म्हणतात. मराठीत ‘तसदी’ म्हणजे त्रास. भाषेच्या जाणकारांना विचारले तर ते सांगतील की या दोहोंची अरबी मुळे वेगळी आहेत. एक सत्यावरून आले आहे, दुसरे डोकेदुखीवरून. पण ज्याने व्हिसासाठी कागद फिरवले आहेत, त्याला हा फरक पटवून देणे कठीण आहे.

शब्दांप्रमाणे प्रत्यक्ष कागदही आमच्याच तालुक्यातला. मलिक अहमदाने १४९० साली बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन निजामशाही उभी केली तेव्हा त्याचे ठाणे जुन्नर होते. अहमदनगर शहर त्यानंतर, १४९४ साली वसवले गेले. राज्य म्हटले की दप्तर आले आणि दप्तर म्हटले की कागद आला. जुन्नरच्या मुसलमान कागदी कुटुंबांनी हाताने केलेला ‘जुन्नरी कागद’ पुढे पेशव्यांच्या काळातही नावाजलेला होता. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या कागदी लोकांची आणि त्यांच्या धंद्याची नोंद आहे. गोणपाट आणि रद्दी कुजवायची, कुटायची, नदीच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायची, हौदात लगदा कालवायचा, गवताच्या काड्यांच्या चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि दगडाने घोटून गुळगुळीत करायचा. बोरूची शाई अशा कागदावर फुटत नाही, आणि खाडाखोड केली तर घोटलेला भाग खरवडला जाऊन लगेच दिसतो. जुन्या माणसांचा या कागदावर विश्वास होता तो उगाच नव्हे. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली, हा त्या कलेला मिळालेला थोडा आधार. पण जुन्नरचा कागद सरकारदरबारी चालायचा तो काळ परत आला नाही. तो लगदा ज्या कुकडीत धुतला जायचा, तीच नदी खाली येडगावला येते आणि आज तिथे धरणात अडते. आमच्या ट्रंकेच्या तळाचा कागद कुठला, हे ओळखायला आम्हाला मोडी येण्याची गरज पडली नाही. हात लावला तरी पुरते.

आता शिक्का. निजामशाही, आदिलशाही, मोगलाई आणि नंतर मराठेशाही, या साऱ्या काळात वतनाचा, वारशाचा किंवा हद्दीचा तंटा उभा राहिला की महजर होत असे. महजर म्हणजे हजर असलेल्यांचा कागद. गोत जमायचे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बारा बलुते आणि कसब्याचा काझी. ‘हाजिर मजालस’ म्हणून त्यांची नावे आधी लिहायची, मग हकीकत, मग निवाडा. लिहिता येणारा सही करी. पाटील नांगराची निशाणी करी, आणि इतर आपापल्या धंद्याच्या हत्याराची. काझीचा शिक्का फारसीत असे आणि मजकूर मराठीत. एकाच कागदावर दोन भाषा आणि दोन लिप्या नांदत होत्या, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

या पद्धतीचा गाभा असा की साक्ष देणारा माणूस तुम्हाला ओळखत असे. तुमचा बाप कोण, तुमची विहीर कुठली, तुमच्या बांधावर कोणते झाड आहे, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याच्या निशाणीला मोल. पण या काळाचे फार गोडवे गाऊ नयेत. ही साक्ष स्वस्त मुळीच नव्हती. तंटा जिंकला तर सरकारात ‘हरकी’ भरावी लागे, हरला तर ‘गुन्हेगारी’. शिवाय ज्याला वतन नाही त्याच्यासाठी महजर कोण भरवणार? आमच्या पूर्वजांपैकी बहुतेक जण शेतमजूर, विणकर, पिंजारी, तांबोळी. सनदा आणि शिक्के इनामदार-काझी घराण्यांकडे, आणि बाकीच्यांकडे तोंडी ओळख. आमच्यात ‘कागदवाला’ आणि ‘बिनकागदवाला’ हा भेद इंग्रजांनी आणला नाही, तो आधीपासून होता. बायांची नावे तर त्या कागदांत शोधूनच काढावी लागतात.

इंग्रजांनी बदल केला तो साक्षीदाराच्या जागी. ओळखणारा माणूस बाजूला झाला आणि नोंदवही पुढे आली. १८६४ च्या अकराव्या कायद्याने सरकारी काझीची आणि न्यायालयातल्या मुस्लिम कायदा-अधिकाऱ्याची पदे बंद केली. निकाह लावायला काझी हवा, अशी लोकांची मागणी होऊ लागल्यावर १८८० साली ‘काझी कायदा’ झाला. लोकांनी मागणी केली तर सरकार काझी नेमू शकेल, एवढी तरतूद त्यात झाली. पण चौथ्या कलमात स्पष्ट लिहिले की या नेमणुकीने काझीला न्यायदानाचा किंवा प्रशासनाचा कोणताही अधिकार मिळत नाही, आणि विवाहाला त्याची हजेरी आवश्यकही ठरत नाही. कायदा दीड-दोन पानांचाच आहे. आमच्या निकाहनाम्याची किंमत दम्मामच्या वाटेवर जी घसरली, तिचे मूळ २०२३ च्या एजंटात नाही. ते या चौथ्या कलमात आहे. आमच्या कित्येक घरांत अजून समज असा की काझीसाहेबांचा शिक्का म्हणजे सरकारी शिक्का. दीडशे वर्षांपूर्वी संपलेल्या अधिकाराच्या भरवशावर आपण लग्नाचे कागद ठेवतो, आणि मुलगी सासरी परदेशी निघाली की मग जागे होतो.

जन्माची नोंदही याच काळात वहीत गेली. गाव नमुना क्रमांक १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी होत. त्यांपैकी पुष्कळ मोडीत आहेत. मराठा आरक्षणाच्या निमित्ताने २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना या वह्या तहसील कचेऱ्यांतून बाहेर आल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, हे वाचकांना आठवत असेलच. त्याच वह्यांत शेख आहेत, पठाण आहेत, आतार आणि मोमीन आहेत. फक्त आपण त्या कधी शोधायला गेलो नाही.

परदेशी जाण्याच्या कागदाची गोष्ट मात्र निराळ्या दारातून सुरू होते. आपल्या समाजातील सामान्य माणसाने पासपोर्ट पहिल्यांदा पाहिला तो नोकरीसाठी नव्हे, हजसाठी. १८८० नंतरच्या काळात मुंबई बंदरातून जाणाऱ्या हाजींना यात्रेचा पासपोर्ट दिला जाऊ लागला, आणि त्याला फी नव्हती. हा पुण्याचा विचार होता असे समजू नये. तुर्की अंमलदारांची मागणी, कॉलऱ्याची भीती आणि हिजाजमध्ये अडकून पडणाऱ्या गरीब यात्रेकरूंचा प्रश्न, अशा तिहेरी पेचातून तो कागद निघाला. फी ठेवली तर गरीब यात्रेकरू कागदाविना जाईल, हे सरकारला कळत होते. १८८६ साली हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवण्यात आली, आणि काही वर्षांनी कंपनीने ती सोडून दिली. १९२५ च्या कायद्याने परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत आवश्यक केली. १९३२ साली बंदरांच्या हज समित्यांचा कायदा झाला. फुकटच्या पासपोर्टाने गरिबाला जे दार उघडले, ते परतीच्या तिकिटाने पुन्हा अर्धे लागले, असे आम्हाला वाटते. कागद स्वस्त असला म्हणजे प्रवास स्वस्त होतोच असे नाही. हजसाठी वेगळा ‘पिलग्रिम पास’ देण्याची रीत मात्र २००९ पर्यंत टिकली. त्यानंतर हाजींनाही इतरांसारखा आंतरराष्ट्रीय पासपोर्ट घ्यावा लागू लागला.

पासपोर्ट हा हक्क की सरकारची मेहरबानी, हा प्रश्न सुटायला १९६७ उजाडले. सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हे व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे ठरवले आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. पुढे सात-आठ वर्षांतच तेलाचे भाव वाढले आणि आखातात माणसांची मागणी सुरू झाली. कोकणातली रत्नागिरी-रायगडची गावे आधी निघाली, तिथे बोटीवर जाण्याची परंपरा होती. घाटावरचे आम्ही मागून निघालो. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात हमाली करणारा मुलगा कुवेतला गेला, ही बातमी आमच्या लहानपणी चार गावांत फिरली होती.

आणि मग ‘ट्रू कॉपी’चे दिवस सुरू झाले. आजच्या मुलांना ते सांगून पटत नाही. मार्कशीटची झेरॉक्स काढायची आणि ती खरी आहे असा शिक्का देणारा राजपत्रित अधिकारी शोधत फिरायचे. प्राचार्य रजेवर, डॉक्टर दौऱ्यावर. एकदा आम्ही आमच्या दहावीच्या मार्कशीटच्या तीन प्रती घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो होतो, कारण पशुवैद्यकीय अधिकारी राजपत्रित असतो असे कोणीतरी सांगितले. साहेब एका म्हशीच्या प्रसूतीत गुंतले होते. आम्ही दोन तास थांबलो. म्हैस सुखरूप सुटली, साहेबांनी हात धुतले आणि मार्कशीट न वाचताच तिन्ही प्रतींवर शिक्के मारले. त्यांनी आम्हाला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. पैसे मात्र घेतले नाहीत, हे सांगितले पाहिजे. पैसे घेणारे पुढे भेटले, शिक्क्यामागे दहा, वीस. विशेष कार्यकारी दंडाधिकारी आणि नंतर विशेष कार्यकारी अधिकारी नेमले गेले ते लोकांची ही वणवण कमी व्हावी म्हणून. हे साक्षांकन मोफत करायचे असते. आमच्या मोहल्ल्यात मात्र असा अधिकारी कोण आहे हे विचारल्यावर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

महजरातला साक्षीदार माणसाला ओळखत होता. जनावरांच्या दवाखान्यातला साक्षीदार कागदही वाचत नव्हता. मधली दोनशे वर्षे एवढ्या एका गोष्टीत सांगता येतात. शिक्का राहिला, ओळख गेली.

ही पद्धत पोकळ झाली आहे हे सरकारच्याही लक्षात आले. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने स्वतःच्या सहीने प्रत प्रमाणित करण्याची शिफारस केली. २०१३ साली केंद्राने राज्यांना तसे कळवले. महाराष्ट्राने ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने सरकारी कामासाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वयंसाक्षांकित प्रत चालेल असे ठरवले. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क तर २००४ सालीच माफ झाले होते. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम बदलले. अर्जासोबतची सारी घोषणापत्रे साध्या कागदावर, नोटरी किंवा दंडाधिकारी यांच्याविना चालू लागली. तरीही तालुक्याच्या गावी झाडाखालच्या टेबलावर आमची माणसे पासपोर्टसाठी म्हणून शपथपत्र करताना आम्ही त्यानंतरही पाहिली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली, तेव्हा ज्या कामाला मुद्रांक लागतच नाही त्यासाठीही कोणाकोणाचे पाचशे गेले असतील. मुद्रांक कशाला हवा, असे विचारायचे धाडस ज्याला होते त्याचे वाचले.

परंतु ही सवलत देशाच्या हद्दीपर्यंतच. दम्मामचा अधिकारी आमच्या स्वतःच्या सहीवर विश्वास का ठेवील? तिथे साखळी लागते. गावच्या निबंधकाची सही राज्य सरकार ओळखते, राज्याची सही दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय ओळखते, आणि मंत्रालयाची सही त्या देशाची वकिलात. कोणीच माणसाला ओळखत नाही. प्रत्येक जण फक्त मागच्या सहीला ओळखतो. ही साखळी लहान करण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेगमध्ये एक करार झाला. करारातल्या देशांनी एकमेकांच्या कागदांवर वकिलातीचा शिक्का मागायचा नाही, कागदाच्या मूळ देशाने लावलेली एक ठरावीक चिठ्ठी पुरेशी मानायची. तिचे नाव अपोस्टिल. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. ओमानमध्ये २०१२ साली, बहारीनमध्ये २०१३ च्या अखेरीस. सौदी अरेबियात तो ७ डिसेंबर २०२२ ला लागू झाला. जो देश या करारात नाही तिथल्या कागदाला वकिलातीची पायरी चढावीच लागते आणि तिचा आकारही भरावा लागतो. म्हणून कुठल्याही एजंटाला पैसे देण्याआधी एवढेच विचारावे, की तो देश करारात आहे का.

आमचा एजंट २०२३ साली आमच्याकडून सौदी वकिलातीच्या शिक्क्याचे पैसे मागत होता. ती पायरी काही महिन्यांपूर्वीच गेली होती. त्याला ठाऊक नव्हते की त्याने ठाऊक नसल्यासारखे केले, ते अल्लाह जाणे. आम्हाला कळले ते भाच्याच्या खोलीत राहणाऱ्या एका मलबारी मुलाकडून. केरळच्या माणसाला ही असली माहिती तोंडपाठ असते. आपल्याकडे ती विकत घ्यावी लागते.

मग आम्ही एजंट सोडला आणि स्वतः निघालो. पहिली पायरी निकाह झाला त्या गावचा ग्रामसेवक. १९९८ च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे खेड्यात तोच विवाह निबंधक असतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्यास सांगितले, तेव्हा आपल्यातल्या काही मंडळींनी ती शरियतमधली ढवळाढवळ म्हणून नाके मुरडली होती. नमुना ‘ड’ मध्ये पतीची सही, पत्नीची सही, तीन साक्षीदार आणि विवाह लावणाऱ्याची सही लागते. म्हणजे काझीसाहेब इथे परत येतात, शिक्का देणारे म्हणून नव्हे, साक्ष देणारे म्हणून. आणि महजरात जिला जागा नव्हती तिची सही नवऱ्याच्या बरोबरीने येते. यात ढवळाढवळ कुठे आहे ते आम्हाला समजलेले नाही. निकाह होऊन सात वर्षे झाली होती, तरी थोडा विलंब आकार भरून नोंद झाली. पती दम्मामला, म्हणून त्याच्या सुटीची वाट पाहावी लागली, एवढाच उशीर. ग्रामसेवक म्हणाले, ‘चाचा, त्या वेळीच आला असतात तर एका दिवसाचं काम होतं. तुमच्या लोकांचं नेहमी व्हिसा आल्यावर सुरू होतं.’ ‘तुमच्या लोकांचं’ हे जरा टोचले. पण बोलले ते खरे होते.

त्यातही नावाचा घोळ निघाला. निकाहनाम्यात ‘शेक’, आधारवर ‘शेख’, पासपोर्टवर इंग्रजीत तिसरेच. उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना आमची नावे वाटेत झिजतात. प्रमाणपत्राच्या मसुद्यावर सही करण्यापूर्वी पासपोर्ट उघडून अक्षर न् अक्षर ताडून पाहिले, म्हणून पुढचा दुरुस्तीचा खर्च वाचला. हे काम फुकटचे आहे आणि साऱ्या साखळीत सर्वांत महत्त्वाचे आहे.

नंतर मुंबई. नारायणगावहून एसटी, मंत्रालयाच्या दारात पासची रांग, राज्य सरकारचे साक्षांकन. परराष्ट्र मंत्रालयाने २०१२ च्या जुलैपासून लोकांचे कागद थेट घेणे बंद केले, ते नेमलेल्या संस्थांच्या मार्फत द्यावे लागतात. पण १ जानेवारी २०१९ पासून हे काम दिल्लीबरोबर मुंबई, पणजी अशा १५ शहरांत वाटून दिले आहे. अपोस्टिलचा सरकारी आकार कागदामागे ५० रुपये. नेमलेल्या संस्थेचा सेवाआकार धरूनही तो आकडा फारसा फुगत नाही. आम्ही घरच्या वहीत हिशेब मांडला. सरकारी आकार, नोटरी, झेरॉक्स, दोघांचा दोन वेळचा प्रवास, मुंबईतले जेवण, सारे मिळून दोन हजारांच्या आत बसले, आणि त्यात निम्म्याहून जास्त एसटीचे आणि पोटाचे. अठरा हजारांतले सोळा कशाचे होते? बुडालेल्या दिवसांचे थोडे धरले पाहिजेत. रोजंदारीवाल्याला मुंबईच्या दोन खेपा म्हणजे चार दिवसांची मजुरी, तेव्हा प्रामाणिक एजंटाने मेहनताना घ्यावा याला आमची हरकत नाही. पण बाकीचे पैसे माहिती नसल्याचे होते.

नोटरीचेही तेच. १९५२ चा नोटरी कायदा आणि १९५६ चे नियम यांत प्रत्येक कामाचा दर ठरवलेला आहे आणि दरपत्रक कचेरीत दिसेल असे लावण्याचे बंधन आहे. ते पाहायला मागणारा पक्षकार आम्ही अजून पाहिलेला नाही, स्वतःला धरून. सरकारी दप्तरातल्या नोंदीची प्रमाणित प्रत ठरलेली फी भरून मागण्याचा हक्क १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर, पानाला दोन रुपये भरून, जुन्या नोंदवहीची प्रमाणित प्रत मिळते. वकिलातीला ती थेट चालेलच असे नाही, पण नोंद आहे की नाही आणि नाव कसे लिहिले आहे, हे आधी समजण्यासाठी याहून स्वस्त वाट नाही. आमच्या अम्मीच्या जन्माची नोंद शोधायला आम्ही आता हीच वाट धरली आहे. तिला उमराला जायचे आहे आणि तिच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, जशी आपल्यातल्या हजारो आयाबायांची असते.

भाचेसून आणि तिची मुलगी २०२४ च्या रमजानपूर्वी दम्मामला पोहोचल्या. मुदत संपल्यावर परत आल्या, तेव्हा येताना ते प्रमाणपत्र जपून आणले. त्याच्या पाठीवर अपोस्टिलची चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर क्रमांक आहे, आणि तो क्रमांक वापरून जगातला कोणीही ती खरी की खोटी हे ताडून पाहू शकतो. कागद गिरणीचा, पातळ, दोन घड्या घातल्या की फाटेल असा. बहिणीने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाल रुमालात, निकाहनाम्याशेजारी ठेवला. तळाच्या मोडी कागदाचा आम्ही फोटो काढून पुण्यातल्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडे पाठवला आहे. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.